पाणी, ग्लायसिन की सलाईन?

या वेळचं पत्र सोलापूर जिल्ह्यातल्या एका सुनेचं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

‘डॉक्टर बाई, माझे सासरे ७२ वर्षांचे आहेत. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांना साखर आहे, बीपीची गोळी आठ वर्षांपासून चालू आहे. दोन वर्षं रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठत होते. गेल्या महिन्यात लघवी पूर्ण अडली, नळी घातली. आठवड्याने काढून बघितली तर पुन्हा अडली. सोनोग्राफीत प्रोस्टेट (मूत्राशयाखालची पुरुषांची ग्रंथी) ६२ ग्रॅम आलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलंय. ते ग्लायसिन वापरतात. सोलापूरला दाखवलं तर तिथले म्हणाले, आमच्याकडे बायपोलर मशीन आहे, आम्ही सलाईनमध्ये करतो. खर्च जवळजवळ दीडपट. शेजारच्या काकांचं पंधरा वर्षांपूर्वी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवर झालं, ते आज ठणठणीत आहेत. उलट माझ्या मामांना ऑपरेशननंतर दिवसभर दिसत नव्हतं, काहीबाही बडबडत होते. पाण्याने खरंच एवढा फरक पडतो, की हे खर्च वाढवायचं निमित्त आहे? अण्णा म्हणतात, मला पूर्ण झोपवा, काही कळायला नको. आणि आषाढीला त्यांना वाखरीपासून पंढरपुरापर्यंत चालायचंय. जमेल का?’

ताई, फरक पडतो. निमित्त नाही. पण तो फरक नुसत्या पाण्याच्या नावात नाही, आणि तुमच्या मामांचं काय झालं असेल हे कळल्याशिवाय तो नीट कळणारही नाही. मी भूलतज्ज्ञ आहे. प्रोस्टेटच्या ऑपरेशनमध्ये सर्जन पायांकडे बसतात आणि मी डोक्याकडे, पेशंटच्या तोंडाशी. त्यामुळे मी तुम्हाला सांगणार ते त्या बाजूने दिसलेलं असणार.

आधी हे पाणी लागतंच कशाला ते सांगते. दुर्बीण लघवीच्या वाटेने आत जाते. तिच्या टोकाला तारेचा बारीक फास असतो, त्यात वीज सोडून प्रोस्टेटचे पातळ काप काढत जातात. काप निघाला की रक्त येतं आणि सगळं लाल होतं. म्हणून वर टांगलेल्या पिशवीतून सतत पाणी सोडायचं, ते रक्त आणि काप धुऊन बाहेर न्यायचं, म्हणजे सर्जनना समोरचं दिसतं. एका ऑपरेशनला १५-२० लिटर सहज लागतं. ऑपरेशन थिएटरात आम्ही याला नुसतं ‘फ्लुइड’ म्हणतो.

आता अडचण बघा. प्रोस्टेट म्हणजे शिरांचं जाळं. कापता कापता त्या शिरांची तोंडं उघडी पडतात, आणि बाहेर वाहून जायला हवं ते पाणी थोडं थोडं त्या तोंडांतून रक्तात शिरतं. साधारण मिनिटाला १० ते ३० मिलिलिटर. म्हणजे तासाभरात कमीत कमी अर्धा लिटरच्या वर आणि वाईट दिवस असेल तर पावणेदोन लिटर. हाताला सलाईन लावलेली नसताना एवढं पाणी अंगात जातं, आणि कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. ते पाणी कसलं होतं हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. उलट मनुका साध्या पाण्यात टाकल्या की फुगतात. रक्तातल्या पेशींचंही तसंच. बाहेरचं पाणी रक्ताइतकंच ‘दाट’ असेल तर पेशी शांत राहतात. पातळ असेल तर पेशी पाणी पितात, फुगतात, आणि फारच पातळ असेल तर फुटतात. हा दाटपणा आकड्यात मोजता येतो. रक्ताचा साधारण २९०, डिस्टिल्ड वॉटरचा शून्य, दीड टक्का ग्लायसिनचा २०० ते २२०, नॉर्मल सलाईनचा ३०८.

शेजारच्या काकांच्या डिस्टिल्ड वॉटरपासून सुरू करू. ते स्वस्त, कुठेही मिळणारं, आणि त्यात दिसतंही सगळ्यात स्वच्छ, कारण समोर आलेल्या रक्तपेशी त्यात फुटून विरून जातात. पण जी गोष्ट बाहेर सोयीची, तीच रक्तात घातक. शून्य दाटपणाचं पाणी शिरांत गेलं की तिथल्याही पेशी फुटतात, त्यांतलं हिमोग्लोबिन मोकळं होतं आणि मूत्रपिंडांवर त्याचा भार पडतो. १९४७ मध्ये अमेरिकेत क्रीव्ही या सर्जननी अशाच एका मृत्यूची नोंद प्रसिद्ध केली, आणि तेव्हापासून जगभर साधं पाणी मागे पडत गेलं. पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, नेसबिट आणि ग्लिकमन यांनी ग्लायसिन सुचवलं. आपल्याकडे मात्र साधं पाणी त्यानंतरही बरीच वर्षं वापरलं गेलं, पैशांपायी आणि सवयीपायी. लहान प्रोस्टेट, तरबेज हात आणि वीस-पंचवीस मिनिटांत आटपलेलं काम असेल तर बहुतेक पेशंट त्यातून सुखरूप बाहेरही पडले. काकांचं प्रोस्टेट किती ग्रॅमचं होतं आणि ऑपरेशन किती वेळ चाललं, हे तुम्ही विचारलंत तर उत्तर बहुधा तिथेच मिळेल. ६२ ग्रॅमला डिस्टिल्ड वॉटर कुणी सुचवलं तर मी सरळ नको म्हणेन.

मग सगळ्यांनी पहिल्यापासून सलाईनच का नाही वापरलं? तुम्ही विचारलं नाहीत, पण इथेच सगळं येऊन थांबतं. जुनं मशीन मोनोपोलर. त्यात वीज तारेच्या फासातून निघते, अंगातून जाते आणि मांडीला चिकटवलेल्या प्लेटमधून परत येते. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी, त्यातून वीज वाहते. फासाभोवती सलाईन असेल तर वीज चहूकडे पसरून जाते आणि काप निघत नाही. म्हणून त्या मशीनला वीज न वाहणारं, म्हणजे मीठ नसलेलं पाणीच लागतं: साधं पाणी, ग्लायसिन, सॉर्बिटॉल किंवा मॅनिटॉल. बायपोलरमध्ये विजेची दोन्ही टोकं दुर्बिणीच्या तोंडाशीच असतात. वीज तिथल्या तिथे फिरते आणि तिला सलाईनच लागतं. फासाभोवती पिवळसर नारिंगी चमक दिसते, ती मी पहिल्यांदा पडद्यावर पाहिली तेव्हा बराच वेळ नुसती बघत राहिले होते. लेझरने करतात त्यातही सलाईनच.

तालुक्याचे डॉक्टर ग्लायसिन वापरतात याचा अर्थ त्यांना सलाईनचं महत्त्व कळत नाही असा घेऊ नका. त्यांच्याकडच्या मशीनला ते लागतं. आणि तुम्ही दीडपट देणार ते सलाईनचे नाहीत, सलाईन उलट स्वस्त असतं. ते पैसे मशीनचे आणि त्याच्या फासाचे.

आता ग्लायसिन. हे अमिनो आम्ल आहे, आपल्या जेवणातल्या प्रथिनांतही असतं. दीड टक्का म्हणजे लिटरला १५ ग्रॅम. त्यात पेशी फुटत नाहीत, दिसतं चांगलं, वीज वाहत नाही. साठ-सत्तर वर्षं जगभर हजारो ऑपरेशनं त्यावर नीट झाली, मी स्वतः कितीतरी बघितली. पण त्यात सोडियम अजिबात नाही. ते रक्तात शिरलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. १३५ ते १४५ असायला हवं ते १२५ च्या खाली गेलं की मेंदूच्या पेशी फुगू लागतात. शिवाय ग्लायसिनचा स्वतःचा असा एक परिणाम आहे. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी एकमेकींना थांबायची खूण करतात ती ग्लायसिनचीच. रक्तात ते एकदम वाढलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, कधी काही वेळ दिसतच नाही. यकृतात त्याचा अमोनिया होतो, त्याने गुंगी वाढते. तुमच्या मामांचे कागद मी पाहिलेले नाहीत, तरी न दिसणं आणि बडबडणं हे एकत्र असेल तर माझा पहिला संशय इथेच जाईल. याला ‘टीयूआर सिंड्रोम’ म्हणतात. टीयूआर म्हणजे लघवीच्या वाटेने दुर्बिणीतून केलेलं हे ऑपरेशन. दृष्टी बहुतेकांची दिवसभरात पूर्ण परत येते.

असा एक पेशंट माझ्या टेबलावर होता. वीसेक वर्षं झाली. अडुसष्ट वर्षांचे शेतकरी, कमरेत इंजेक्शन देऊन खालचा भाग बधिर केलेला, आणि आमच्या कांद्याच्या भावावर गप्पा चाललेल्या. प्रोस्टेट मोठं होतं, रक्त जास्त येत होतं, दिसेना म्हणून सर्जननी पिशवी वर घ्यायला सांगितली. वॉर्डबॉयने स्टँड हातभर उंच केला. मी ते बघितलं. काही बोलले नाही. पाऊण तासानंतर ते जांभया देऊ लागले. मग म्हणाले, ‘बाई, तोंडाची आग आग होतीय.’ मग मळमळ. मी नाडी बघतेय तर ती पन्नासच्या खाली, बीपी वर. तेवढ्यात त्यांनी विचारलं, ‘लाईट गेली व्हय?’ डोक्यावरचा मोठा दिवा चालू होता.

मी सर्जनना थांबायला सांगितलं. त्यांनी वाहणाऱ्या शिरा तेवढ्या बंद केल्या आणि दुर्बीण काढली. सोडियम आलं ११६. लघवी होण्याचं इंजेक्शन, तीन टक्क्यांचं, म्हणजे जास्त मिठाचं, सलाईन अगदी थेंब थेंब, आणि रात्रभर दर दोन-तीन तासांनी रक्त. सोडियम पडलेलं असतं तेव्हा ते भरभर वर चढवायचा मोह होतो, पण चोवीस तासांत ८ ते १० च्या वर चढवायचं नसतं, नाहीतर मेंदूला कायमची इजा होते. संध्याकाळी त्यांना उजेड-अंधार कळायला लागला. सकाळी मी खाटेशी गेले तर त्यांची बायको उशाशी बसली होती. ते तिच्याकडे बघून मला म्हणाले, ‘हिरवं लुगडं नेसलीय.’ खरंच हिरवं होतं. मी वॉर्डातून बाहेर येऊन जिन्यात थोडा वेळ उभी राहिले.

ती पिशवी वर गेली तेव्हा मी बोलायला हवं होतं. पिशवी जितकी उंच, तितका दाब जास्त, आणि तितकं पाणी शिरांत जास्त. टेबलापासून साधारण ६० सेंटीमीटर, फार झालं तर मीटरभर. त्या दिवसानंतर कुणी स्टँडला हात लावला की मी विचारते, किती उंच करताय, आणि किती वेळ.

हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. असं फार थोड्यांना होतं. अमेरिकेतल्या १३ संस्थांमधल्या ३,८८५ पेशंटचा आढावा १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात टीयूआर सिंड्रोम शंभरात दोघांना झाला होता. जर्मनीतल्या बव्हेरियात पुढे दहा हजारांवर पेशंट पाहिले (हे २००८ मध्ये छापून आलं), तेव्हा प्रमाण १.४ टक्क्यांवर आलं होतं. पण त्या अमेरिकन आढाव्यात आणखी एक गोष्ट दिसली, ती तुमच्या कामाची आहे. प्रोस्टेट ४५ ग्रॅमच्या वर आणि ऑपरेशन ९० मिनिटांच्या वर गेलं की गुंतागुंत वाढते. अण्णांचं ६२ आहे.

सॉर्बिटॉल-मॅनिटॉलबद्दल फार सांगत बसत नाही, तुम्हाला कुणी ते सुचवलेलं नाही. दोन्ही साखरेच्या जातीची, हत्यारं चिकट करतात. सॉर्बिटॉलची अंगात फळातली साखर आणि ग्लुकोज होते, म्हणून मधुमेहात जपावं लागतं. मॅनिटॉल पाणी रक्तात ओढून घेतं, त्याचा हृदयावर भार येतो.

सलाईन चांगलं म्हणजे निर्धोक, असं मात्र समजू नका. ही चूक आता डॉक्टरही करतात. सलाईनने सोडियम पडत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येत नाही, पेशी फुटत नाहीत. पण शिरांची तोंडं बायपोलरमध्येही उघडतातच आणि पाणी तेवढंच आत जाऊ शकतं. हे पाणी रक्तातून लवकर बाहेरही पडत नाही. दोन लिटर सलाईन तासाभरात आत गेलं तर बहात्तर वर्षांच्या हृदयाला ते झेपेलच असं नाही. फुप्फुसांत पाणी साचून धाप लागू शकते. ग्लायसिनच्या वेळी भीती होती म्हणून सगळे घड्याळ बघायचे. सलाईनला ती भीती नाही, म्हणून ऑपरेशन लांबतं आणि पिशव्या कुणी मोजत नाही, हे मी पाहिलेलं आहे आणि मला ते अजिबात पसंत नाही.

तर अण्णांसाठी माझं मत. मी त्यांच्या घरातली असते तर सलाईनवर, म्हणजे बायपोलरवर केलं असतं. दोन कारणांनी. एक, ६२ ग्रॅम. दुसरं कारण त्यांच्या बीपीच्या गोळीत असू शकतं. गोळीच्या पाकिटामागे बारीक अक्षरात औषधाची नावं असतात. तिथे हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन यांपैकी काही आहे का बघा, बीपीच्या पुष्कळ जोडगोळ्यांत ते असतं. ही औषधं लघवीतून सोडियम बाहेर टाकतात. म्हाताऱ्या माणसाचं सोडियम त्याने आधीच १३० च्या आसपास असू शकतं, आणि तिथून १२० ला यायला ग्लायसिन फार लागत नाही. गोळी तुम्ही आपल्या मनाने बंद करू नका. पण ऑपरेशनच्या तपासण्यांमध्ये सोडियम-पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांसाठीची रक्ततपासणी) आहे ना, हे विचारा. नसेल तर करून घ्या. सोडियम कमी असेल तर ते सुधारेपर्यंत ऑपरेशन थांबवता येतं. नळी आहे, लघवी अडलेली नाही, घाई कसलीच नाही. साखरेसाठी आणि वयासाठी हृदयाची तपासणीही होईलच, ती टाळू नका. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर तेही आधीच सांगा.

पैशांचं जमत नसेल तर काय? तुम्ही ते स्पष्ट लिहिलं नाहीत, पण दीडपट हा शब्द तुम्ही उगीच लिहिला नसणार. आधी सोलापूरच्या हॉस्पिटलात महात्मा फुले योजना आहे का आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्रांना विचारा. सरकारी मेडिकल कॉलेजच्या युरोलॉजीतही विचारून बघा. आणि काहीच जुळलं नाही आणि तालुक्यालाच करायचं ठरलं, तर ते वाईट आहे असं मनात आणू नका. लघवीची धार सुधारणं, रात्रीचं उठणं कमी होणं, यात दोन्ही मशीनचा फायदा जवळजवळ सारखाच असतो. फरक आहे तो ऑपरेशनच्या त्या तासाभरातल्या धोक्यात. तिथल्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा, आणि संकोच करू नका. तासाभरात पूर्ण निघालं नाही तर तुम्ही थांबाल का? आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, हे कोण लिहून ठेवणार? ऑपरेशनच्या मध्ये किंवा लगेच नंतर सोडियम करायची सोय इथेच आहे का, की रक्त बाहेर पाठवावं लागतं? ‘हो, थांबतो. उरलेलं नंतर बघू,’ असं म्हणणारा सर्जन मला फार आवडतो. अर्धं प्रोस्टेट निघालं तरी लघवी बरेचदा मोकळी होते. तिसऱ्या प्रश्नाला रिपोर्ट उद्या येतो असं उत्तर आलं, तर ६२ ग्रॅमसाठी ग्लायसिनवर तिथे करू नका, एवढं मी स्पष्ट सांगते.

आता अण्णांचं झोपवा म्हणणं. त्यांना हा भाग तुम्ही किंवा त्यांच्या मुलाने वाचून दाखवा. अण्णा, कमरेतून इंजेक्शन दिल्यावर तुम्हाला बेंबीच्या खाली काही दुखणार नाही. पाय जड होतील, काही वेळ आपले वाटणार नाहीत. मध्ये पडदा असतो, तुम्हाला काही दिसणार नाही. थंडी वाजली तर सांगा, पांघरूण देतात, आणि आत सोडायचं पाणी कोमट करून घ्या असं आम्हीच सांगतो. पण तुम्ही जागे असाल तर तुमच्या अंगात काय चाललंय हे यंत्राच्या आधी तुम्ही आम्हाला सांगाल. त्या शेतकऱ्यांनी ‘लाईट गेली व्हय’ विचारलं म्हणून ते वाचले. झोपेत असते तर मला फक्त नाडी दिसली असती, आणि तीही उशिरा. तोंडाची आग, मळमळ, जीव घाबरा होणं, डोळ्यांपुढे धुरकट दिसणं, खांद्यात दुखणं, काहीही वाटलं तर लगेच बोला. आपण उगाच त्रास देतोय असं वाटून गप्प बसू नका. तुमच्याशी बोलत राहणं हे भूलतज्ज्ञाचं कामच आहे. पाठीच्या मणक्यामुळे किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे कमरेतून देता येत नसेल तर ते तुम्हाला पूर्ण भूल देतील, ती गोष्ट निराळी.

ताई, ऑपरेशन झाल्यावर वॉर्डात तुमचं काम सुरू होतं. अण्णांना तीन तोंडांची नळी असेल. एका तोंडातून पिशवीतलं पाणी आत जातं, दुसऱ्यातून लघवी आणि पाणी बाहेर येतं, तिसऱ्यात आतला फुगा फुगवलेला असतो. इथे ऑपरेशन कुठल्याही मशीनवर झालेलं असो, टांगलेलं पाणी नॉर्मल सलाईनच असायला हवं. पिशवी बदलताना नर्सबरोबर तुम्हीही नाव वाचा. एक वही ठेवा: किती वाजता नवी पिशवी लावली, खालची पिशवी किती भरल्यावर रिकामी केली. बाहेरचं नेहमी आतल्यापेक्षा जास्त असायला हवं, कारण त्यात लघवीही आहे. वरून पाणी जातंय आणि खाली येत नाही, बेंबीखाली पोट ताठ होतंय, अण्णा कळवळतायत, तर रक्ताची गाठ नळीत अडकली आहे. वाट बघू नका, वरचं पाणी बंद करायला सांगून नर्सना तिथेच आणा. बाहेर येणारं पाणी गुलाबी असेल तर ठीक. डाळिंबाच्या रसासारखं लाल झालं तर सांगा. आणि अण्णा नेहमीसारखे बोलत नाहीत, कुठे आहोत ते विसरतायत, असं पहिल्या रात्री वाटलं, तर ‘वय झालंय, भुलीचा असर असेल’ यावर समाधान मानू नका. सोडियम केलं का, एवढं विचारा. मामांच्या वेळी कुणी विचारलं होतं की नाही, हे मला कळायला मार्ग नाही, पण तुम्ही विचारू शकता.

ऑपरेशननंतर पुरुषांना येणाऱ्या आणखी एक-दोन बदलांबद्दल अण्णांनी मुलाला बरोबर घेऊन सर्जनशी आधीच बोलून घ्यावं. सुनेसमोर ते विचारणार नाहीत.

राहिली वारी. नळी साधारण दोन-तीन दिवसांनी निघते. दहा-पंधरा दिवसांच्या सुमाराला आतली खपली सुटते, तेव्हा एखाद्या दिवशी लघवी पुन्हा लालसर होऊ शकते. भरपूर पाणी प्यायलं की बहुतेकांची निवळते, गाठी आल्या किंवा अडली तर दवाखान्यात. चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही, कुंथायचं नाही, मोटरसायकलवर खड्ड्यांतून जायचं नाही. सपाटीवर चालायला पहिल्या आठवड्यापासूनच हरकत नाही, उलट चालावंच. आषाढीच्या आधी दोन महिने तरी ऑपरेशन झालेलं असेल, तर वाखरी ते पंढरपूर ते चालू शकतील. दुपारच्या उन्हात नको, पाण्याची बाटली तुमच्याजवळ ठेवा, आणि बीपीची ती गोळी तोवर बदललेली असली तर पाकिटाचा फोटो काढून ठेवा.